दोन आवर्तनं उशिरा

प्रिय ढिम्म्या,

फोनवर तू नुसता "हं" म्हणतोस, म्हणून हे पत्र. मी घसा कोरडा होईपर्यंत बोलते, तू "हं". मी चिडते, तू "हं हं". मग आई तुझ्या हातातून फोन घेते आणि तिकडच्या स्वयंपाकघरात ऊन किती छान येतं ते मला सांगत बसते. पत्राला "हं" म्हणता येत नाही, आणि अमक्या इमारतीत लिफ्ट अडकलीय म्हणून मधेच पळताही येत नाही. तेव्हा अवजारांची पिशवी बाजूला ठेव, हात धू आणि नीट बसून वाच. आणि आई, पाकिटावर कितीही ठळक नाव घातलं तरी हे आधी तूच फोडणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. वाच बाई, वाच. तुलाही कळावं म्हणूनच काही गोष्टी फोड करून लिहितेय. ढिम्म्याला त्या पाठ आहेत, त्याने तेवढ्या ओळी गाळाव्यात.

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमागची खोली तू सोडून गेलास तशीच आहे. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचे तक्ते आहेत, आणि 'हॉर्न वाजवू नये' या तक्त्याखाली अजून माझेच ड्रम आहेत. त्यावर तू एकदाच विनोद केला होतास आणि नंतर वर्षभर काही बोलला नाहीस, बहुतेक कोटा संपला असावा. दातवाले डॉक्टर दवाखाना बंद करून थेट येतात, हाताला लवंगेच्या तेलाचा वास, आणि बेस गिटार गळ्यात अडकवली की डोळे मिटतात ते मिटतातच. तुझे भावोजी शाळेतून येतात, बाहीवरचा खडू झटकतात आणि ऑर्गनसमोर बसतात. डाव्या हाताला गालिच्यावर तू चिकटपट्टीची फुली मारली होतीस, इथे माझे पाय, म्हणून. ती फुली मी झाडताना चुकवते. गिटार तू नेली नाहीस, तिकडे जागा नाही म्हणालास. सहा तारांच्या एका पेटीला जागा नाही असं कुठलं घर असतं रे? आई, खरंच जागा नाही का गं?

तर आई, तुझ्यासाठी. तू नेहमी विचारतेस, हे तुमचं प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे नक्की काय, आणि गाणं संपलं हे कसं ओळखायचं. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, ढिम्म्या तारांवर हात ठेवतो तेव्हा संपलं. पहिल्याचं असं, की साधं गाणं चार मात्रांत चालतं, डावा पाय उजवा पाय. आम्हाला सरळ चालायची हौस नाही. आमची ती मोठी रचना आहे ना, 'तिढा', जिच्यात तू एकदा दोन डुलक्या काढल्यास, तिच्यात मधोमध एक जागा आहे. तिथे मी सात मात्रांचं आवर्तन वाजवते आणि तुझे जावई पाच मात्रांचं. दोघांची सुरुवात एकदम होते आणि लगेच फाटाफूट होते. ते आपल्या वाटेने, मी माझ्या. पाच सत्ते पस्तीस, म्हणजे पस्तीस मात्रा झाल्या की आमची दोघांची पहिली मात्रा पुन्हा एकत्र पडते. ती आमची सम. तेवढा वेळ तुझा मुलगा हात बांधून उभा असतो आणि समेवर आम्ही भेटलो की तो सुटतो. तिथे त्याचा सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायची जागा. तीही झपाट्याची, बोटांची धावपळ. लोक त्याच जागेसाठी थांबलेले असतात. इतकं समजलं की पुढचं सगळं समजेल.

आता त्या कार्यक्रमाचं. भावोजींच्या शाळेचं सभागृह होतं. त्याच आठवड्यात त्यांना डावलून बाहेरचा माणूस मुख्याध्यापक म्हणून आणला होता. इतकी वर्षं त्या शाळेत घासून, आणि हे. घरी आले आणि जेवताना मीठ दोनदा घेतलं. तुला मी हे फोनवर सांगितलं होतं, आणि तू "हं" म्हणाला होतास. ते नवे मुख्याध्यापक पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी सगळे शिक्षक, मागे पोरंटोरं. 'तिढा' सुरू झालं, ती जागा आली, आमची फाटाफूट झाली, पस्तीस मात्रा संपल्या आणि तू सुटलाच नाहीस. उभा राहिलास ढिम्म. तुझ्या चेहऱ्यावरची माशी हलेना. आख्खं सभागृह तुझ्याकडे बघतंय, एक पोरगं फिदीफिदी हसलं, आणि तू नुसता ऐकत उभा. मग बऱ्याच वेळाने एक सूर लावलास. एकच. लांब, सरळ, न हलणारा. भावोजी त्या सुरावर येऊन मिळाले, आम्ही सगळे पुन्हा माझ्या सातात एकत्र आलो, पण तोवर तुझ्या धावपळीची जागा निघून गेली होती. रचना पुढे सरकली आणि लोकांना सोलो मिळालाच नाही.

पडद्यामागे ते नवे मुख्याध्यापक आले, हसत हसत तुझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले की काय हो, गिटारवाले झोपले की काय मधेच. सगळे हसले. भावोजी हसले नाहीत, त्यांचा चेहरा लाल झाला होता. तू म्हणालास, विसरलो. एवढंच. विसरलो म्हणालास आणि वायरी गुंडाळायला लागलास.

त्या दिवशी मलाही कळलं नव्हतं, खरं सांगते. काहीतरी सटकलंय असं वाटलं होतं, पण दोन हात आणि दोन पाय चार दिशांना धावत असताना डोकं फार चालत नाही. मला खटकला तो तुझा शब्द. तू आणि विसरलो? लहानपणी मी तुझी खडूची डबी फोडली होती तेव्हा तुझ्या अंगात कुठला सदरा होता ते तुला आजही आठवतं. तू विसरणारा माणूसच नाहीस. तू मूग गिळून बसणारा माणूस आहेस, ही गोष्ट वेगळी.

मग त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर लोकांनी बघितलं आणि खाली जो तो शहाणपण शिकवायला लागला. एकाने लिहिलं, अशा बँडमध्ये गिटारवाला म्हणजे कणा, तोच वाकला. दुसऱ्याने लिहिलं, एका सुरात सगळं सांगितलं, ही खरी साधना. तिसऱ्याने दुसऱ्याला अक्कल विचारली. आयुष्यात हातात झांज न धरलेली माणसं तुझ्या उजव्या हाताच्या मनगटावर निबंध लिहीत होती. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? आणि मग तुझी बदली आली. खरं म्हणजे ती तू मागून घेतलीस, आई बोलता बोलता बोलून गेली. आईला घेऊन गेलास आणि निरोप धाडलास की दुसरा गिटारवाला बघा.

आमच्याकडे बैठक बसली. बैठक कसली, तंटा. भावोजींचं म्हणणं तुला ठाऊकच आहे, तुझ्या तोंडावरही ते बोलत आलेत. असल्या संगीतात गिटारवाल्याने ऑर्गनच्या तोडीस तोड वाजवलं पाहिजे, वेग पाहिजे, सफाई पाहिजे, लोकांनी तोंडात बोट घातलं पाहिजे. इतकी अवघड रचना बांधायची आणि ऐन मोक्याला माणूस बुजगावण्यासारखा उभा, हे चालणार नाही. दातवाल्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही डगरींवर पाय ठेवला. ते म्हणाले, दातांचं सगळे कौतुक करतात, हिरडीचं कुणी करत नाही, पण हिरडी गेली की दात हातात येतात. मग जरा थांबून म्हणाले की अर्थात दात चांगले असले तर बरंच. अशा माणसाशी वाद तरी कसा घालायचा!

मी काय म्हणाले ते तुला आवडणार नाही, तरी सांगते. मी म्हणाले की ढिम्म्याचा उजवा हात जड आहे. आहेच. धावपळीच्या जागेत तू शेवटच्या पायऱ्यांवर धापा टाकतोस, आणि दर दोन गाण्यांमध्ये तारा जुळवत बसतोस, तेवढ्यात लोक चहा पिऊन येतात. वेग हे कसब आहे, ते कमी लेखणारा स्वतः बहुधा हळू असतो. पण बँड म्हणजे काही शर्यत नव्हे. आमच्यासारख्या बँडमध्ये प्रत्येकाला आपली हुशारी दाखवायची असते, मला धरून. मी सात वाजवते ते काय कुणाच्या भल्यासाठी? कुणाला जमत नाही म्हणून वाजवते. तेव्हा चारांतल्या एकाने तरी बाकीच्या तिघांकडे कान ठेवला पाहिजे, आणि तो आमच्यात कोण ठेवतो ते बघा, असं मी म्हणाले. भावोजी म्हणाले, तू बहीण म्हणून बोलतेस. झालं, माझं तोंड बंद. बहिणीने भावाचं खरं कौतुक केलं तरी ते खोटंच धरतात.

माझं तोंड बंद झालं ही बातमी वाचून तू हसला असशील. हस. फार दिवस टिकलं नाही ते.

माझ्याकडे सध्या एक निवृत्त नर्सबाई गाडी शिकतात. हात स्थिर, नजर पक्की, पण गिअर बदलताना गाडीची क्षमा मागतात. त्यांच्याबरोबर रस्ता मोकळा असला की मी नियम मोडून गाणी लावते. एक दिवस त्या कार्यक्रमाचं आपलंच रेकॉर्डिंग लावलं. 'तिढा' आलं, ती जागा आली. माझा पाय आपोआप सात मोजायला लागला आणि गंमत म्हणून डाव्या हाताच्या बोटांनी मी ऑर्गन ऐकत भावोजींचे पाच धरले. पाय सात, बोटं पाच. आणि ढिम्म्या, पस्तिसाव्या मात्रेला माझी बोटं पायाच्या आधी पोचली. एक मात्रा आधी. मला वाटलं मीच चुकले, परत लावलं. परत तेच. बोटं आधी, पाय नंतर. सात मोजणारा पाय मी जोरात खाली दाबला, आणि शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो हे विसरले. गाडी भर रस्त्यात गचकन बंद. मागे हॉर्नचा कल्ला. बिचाऱ्या नर्सबाई चूक नसताना माफी मागायला लागल्या, आणि मग माझा चेहरा बघून माझी नाडी बघायला लागल्या.

गाडी बाजूला घेतली आणि तिसऱ्यांदा ऐकलं, पुढचंही ऐकलं. मधे एका ठिकाणी ऑर्गन एक मात्रा खातो. पाचाऐवजी चार. चुकून, घाईत, डोक्यात मुख्याध्यापक घेऊन बसलेला माणूस खाईल तशी. त्यामुळे आमची सम जिथे पडायची तिथे पडलीच नाही. तू तिथे सुटला असतास तर निम्मा बँड इकडे आणि निम्मा तिकडे, सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं असतं, आणि कोण चुकलं तेही कळलं असतं. तू सुटला नाहीस. थांबलास. त्यांचे पाच आणि माझे सात चुकीच्या जागेवरून सुरू होऊनसुद्धा पुढे एका ठिकाणी भेटणारच होते, माझी आणखी दोन आवर्तनं, त्यांची तीन. तू उभ्या उभ्या ते हिशेबात धरलंस, आणि आम्ही दोघं ज्या मात्रेवर योगायोगाने भेटलो त्याच मात्रेवर तुझा तो सूर आहे. केसाचाही फरक नाही. मग तो तू धरून ठेवलास, भावोजींना आपली जागा सापडेपर्यंत. सोलो सोडून दिलास. ज्या धावपळीसाठी तू महिनाभर लिफ्टच्या खोल्यांमध्ये बसून बोटं झिजवत होतास, ती सोडून दिलीस. नर्सबाई विचारत होत्या, घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हणाले, हो, माझा भाऊ भेटला.

आता तुला वाटेल मी घरी जाऊन थाळी वाजवली. नाही वाजवली. बहीण म्हणून बोलतेस, हे एकदा ऐकून झालं होतं, कानाला खडा. शिवाय त्याच आठवड्यात नवे गिटारवाले यायचे होते. दातवाल्यांचे पेशंट, विमा विकतात, टाय लावून आले. त्यांना मी मनात सुपरफास्ट म्हणायला लागले. माणूस सभ्य, आणि हात! खोटं कशाला बोलू, असा हात मी जवळून बघितला नव्हता. तुझ्या धावपळीची जागा त्यांनी एवढ्या सहज घेतली की भावोजींनी माझ्याकडे वळून भुवया उडवल्या. बघितलंस? असा चेहरा. मी म्हटलं, छान, एकदा आख्खं वाजवू या. आणि त्या जागेवर, ढिम्म्या, मी मुद्दाम एक मात्रा खाल्ली. साताऐवजी सहा, डोळ्याची पापणी न हलवता.

काय तमाशा झाला म्हणून सांगू! दातवाले डोळे मिटून माझ्यासोबत. भावोजी स्वतःसोबत. सुपरफास्ट मोजून मापून बरोबर आपल्या जागी सुटले, आधी ऑर्गनकडे गेले, मग दचकून माझ्याकडे वळले, आणि मग कुणाकडेच राहिले नाहीत. भावोजींनी दोन्ही हात ऑर्गनवर आपटले आणि विचारलं, मात्रा कुणी खाल्ली? दुसऱ्याने खाल्लेली मात्रा त्यांना लगेच कळते, गणिताचे मास्तर ना. मी काठी वर केली. मी खाल्ली, म्हणाले, मुद्दाम खाल्ली. सगळे माझ्याकडे वेड्यासारखे बघायला लागले. भावोजी म्हणाले, असं केल्यावर जगातला कोण गिटारवाला सावरेल? मी एवढ्याच वाक्याची वाट बघत होते. म्हणाले, एक आहे, ऐका.

आणि रेकॉर्डिंग लावलं. मी एक अक्षर बोलले नाही. तू म्हणशील शक्यच नाही, पण दातवाल्यांना विचार. भावोजी मोजायला लागले, आधी मनात, मग ओठ हलले, मग बोटं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा तुझा सूर आला तेव्हा ते मोजायचे थांबले. सुपरफास्टनी हळूच गिटार पेटीत ठेवली आणि विचारलं की हे कोण वाजवतंय, त्यांना भेटता येईल का, मला असं ऐकायला शिकायचंय. टाय असला तरी माणूस भला निघाला.

त्या संध्याकाळी भावोजी घरी चालत आले. गाडी माझ्याकडे दिली आणि चालत आले. आल्यावर बूट न काढताच बसले आणि विचारलं, तो मला बोलला का नाही? मी म्हटलं, पहिल्या रांगेत कोण बसलं होतं ते आठवा. त्यांना एकदम कळलं. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आता पाहिलंय. आई, हे कुणाला सांगू नकोस.

आणि आता तुझी पाळी. मी तुझ्यावर भयंकर चिडलेय, हे तुला कुणीतरी सांगायला हवं आणि ते काम नेहमी माझ्याकडेच येतं. त्या चौदा मात्रा तू गप्प राहिलास, त्यासाठी मी तुझे पाय धरीन. पण पडद्यामागे "विसरलो" म्हणालास, बदली मागून घेतलीस, गिटार माझ्या गळ्यात मारलीस आणि महिनोन्महिने फोनवर "हं हं" करत राहिलास, ते कशासाठी? ताईच्या घरात खटका उडू नये म्हणून? माझ्या नवऱ्याचा चेहरा पडू नये म्हणून? मला विचारलंस? माझं घर इतकं कच्चं नाही, बाबा. तुझ्या भावोजींनी चूक ऐकली, पचवली आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन शाळेत गेले. आम्ही दोघं रोज भांडतो आणि रोज एका ताटलीत उरलेलं संपवतो. आमच्या मधे तू गादी बनून पडायची गरज नव्हती. बोलणाऱ्याची बोरंसुद्धा विकली जातात आणि तू मोती घेऊन तोंड शिवून बसलास. गाण्यात थांबणं हे तुझं कसब आहे, मान्य, त्रिवार मान्य. जगण्यात थांबतोस तेव्हा ते कसब नसतं, ती भीड असते. आणि त्या भिडेपायी माझा भाऊ माझ्यापासून लांब गेला, त्याचा मला राग आहे. रडायलाही येतं, पण आधी राग.

पुढचं ऐक. शाळेत भावोजींनी काय केलं ते मला त्यांच्याकडून नाही कळलं, एका शिक्षिकेने सांगितलं, ती माझ्याकडे गाडी शिकली होती. भर शिक्षकांच्या खोलीत, नव्या मुख्याध्यापकांसमोर, ते म्हणाले की त्या दिवशी गिटारवाला झोपला नव्हता, ऑर्गनवाला चुकला होता, आणि गिटारवाल्याने त्याला उचलून घरी आणलं. मुख्याध्यापकांना संगीतातलं ओ की ठो कळत नाही, ते म्हणाले बरं बरं. पण भावोजी ते मोठ्याने म्हणाले, सगळ्यांसमोर म्हणाले. ज्या माणसासमोर त्यांना खाली मान घालावी लागू नये म्हणून तू सगळं अंगावर घेतलंस, त्याच माणसासमोर. ऐकून मला असा अभिमान वाटला की त्या दिवशी मी कुठल्याच शिकाऊवर ओरडले नाही.

आता पत्राचं कारण. त्याच सभागृहात पुढच्या महिन्यात आपला कार्यक्रम आहे आणि 'तिढा' वाजणार आहे. दुसरा गिटारवाला आम्ही घेतलेला नाही, घेणारही नाही. तुझा ॲम्प्लिफायर भावोजींनी स्वतः फुलीमागे ओढून ठेवलाय आणि त्यावरची धूळ त्यांच्या खडूच्या फडक्याने पुसलीय, त्यामुळे तो आता पांढरा दिसतो. आणि त्यांनी 'तिढा' बदललंय. ती मात्रा ते आता दर वेळी खाणार आहेत. मुद्दाम, ठरवून, पहिल्या रांगेसमोर. म्हणजे सम चुकेल, तू थांबशील, आणि दोन आवर्तनं उशिरा तो एक सूर येईल. ती जागा आता अशीच राहणार, त्यांनी तशी बांधलीय. तुझी धावपळ हवी असेल तर ती नंतर घे, भरपूर जागा ठेवलीय, धापा टाक पाहिजे तितक्या. पण गंमत अशी झालीय की चुकून झालेली चूक त्यांना आता ठरवून जमत नाही. गणिताचा मास्तर, बोटं पाचाला जाऊन चिकटतात. आत्ता मी इथे टेबलापाशी लिहितेय आणि पलीकडच्या खोलीत ते तीच जागा घोटतायत. दहांतून एकदा मात्रा खाता येते, तेव्हा स्वतःशीच शाबास म्हणतात, पुढची तीन आवर्तनं वाजवतात, आणि तिथे पोचल्यावर हात उचलून गप्प बसतात. मग पुन्हा पहिल्यापासून. इतक्या वेळा ऐकलं तेव्हा मला कळलं की ते तिथे चुकत नाहीयेत. तिथे तुझा सूर यायला हवा, म्हणून थांबतायत. आता परत थांबले. ये रे.

तुझीच, सात मोजत बसलेली,
ताई